माणुसकीचा तिसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत आता दोनच माणसं उरली होती: संपादकबाई आणि त्यांना हे काम शिकवणारे अण्णा. अण्णांची नजर अधू झाली होती. पानावरचे ‘म’ आणि ‘भ’ त्यांना जुळ्या भावांसारखे दिसत. संध्याकाळी ते घरी गेले, की बाई त्यांनी तपासलेली मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, गुपचूप पुन्हा तपासत. म्हातारं माणूस, कशाला दुखवा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण कोश छापायला जायची वेळ आली होती, आणि सगळी पानं अशी चोरून दुसऱ्यांदा तपासणं आता बाईंना झेपेना. चुका राहिल्या तर दोघांच्या जन्माच्या कामावर पाणी पडणार, आणि खरं सांगावं तर अण्णा खचणार. बाईंची आपली इकडे आड, तिकडे विहीर.

त्या सकाळी अण्णांनी ‘माणुसकी’ची नोंद बाईंच्या टेबलावर ठेवली. एक, माणसाचा स्वभावधर्म. दोन, दुसऱ्याचं दुःख जाणण्याची वृत्ती. तीन, दुसऱ्याच्या चुका पोटात घालणं.

“कशी वाटते?”

“छान आहे,” बाई न वाचताच म्हणाल्या.

अण्णा चष्मा काढून पुसत बसले. तो पुसून काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“माझी मुद्रितं तू परत बघतेस, कळतं मला. पूर्वी एका स्वल्पविरामावरून माझ्याशी अबोला धरायचीस. आता काहीही लिहिलं तरी छान. घरी सूनही असंच बोलते, तान्ह्या नातवाशी बोलते तसं. इथं तरी मी माणसात होतो गं.”

इतके दिवस आपण मोठं पुण्य करतोय अशा तोऱ्यात बाई होत्या, आणि इकडे अण्णा अडगळीत पडले होते.

“अण्णा, तुमचे डोळे गेलेत,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून मुद्रितं मीच बघणार. तुम्ही हात लावायचा नाही.”

अण्णांचा चेहरा पडला. बराच वेळ ते टेबलाची कड चाचपत राहिले. आपली जीभ झडली असती तर बरं, असं बाईंना वाटलं. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. नोंद पुढे ओढली आणि या वेळी खरोखर वाचली.

“आणि हा तिसरा अर्थ साफ चूक आहे. चुका पोटात घालणं ही झाली दया.”

“चूक?” अण्णांनी खुर्ची पुढे सरकवली. “सिद्ध कर. आणि नीट मोठ्यानं भांड. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले.”