वस्ती ते रस्त्यावरची शाळा

टीव्हीवर नवे शिक्षणमंत्री बोलत होते आणि अश्विनीची पोळी तव्यावर करपली. देशभरातल्या वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं मंत्री सांगत होते. कुठलंच मूल एकट्या शिक्षकाच्या भरवशावर ठेवायचं नाही, म्हणाले. हिर्डोशीच्या वरच्या वस्तीवरची अश्विनीची शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता, नऊ मुलं आणि ती एकटी.

"म्हणजे तुझी बदली होईल," तिचा नवरा वरद म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. त्यांची शुभ्रा तीन वर्षांची. ती जागी होण्याआधीच अश्विनीला भोरहून एसटी पकडावी लागे, आणि उतरल्यावर वस्तीपर्यंत चालत चढावं लागे.

चार दिवसांनी परिसरातल्या शाळा पाहणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, माहिती आजच भरा. वस्ती ते रस्त्यावरची शाळा, दोन पूर्णांक आठ किलोमीटर. तीन किलोमीटरच्या नियमात बसतंय."

"सर, ते नकाशावरचं. मधे ओढा आहे, चढ आहे."

"वरून रोज विचारणा होतेय. आणि तुम्हीही भोरजवळ याल की!"

तिने मोबाईलवर माहितीचा तक्ता तीनदा उघडला, तीनदा मिटला. एक आकडा टाकला की सुटली. पण बोट पुढे सरकेना. रात्री शुभ्राच्या अंगावर पांघरूण घालताना तिला स्वतःचाच राग आला, आणि तो नेमका कशाबद्दल, हेही कळेना.

सोमवारी तिने नऊही मुलांना घेतलं आणि रस्त्यावरच्या शाळेकडे चालत निघाली. तिसरीतल्या श्रावणीची आजी फुलाबाईही काठी घेऊन सोबत निघाली. जानेवारी होता, ओढ्याला घोट्याएवढंच पाणी. तरी पहिलीतली पोरं दोनदा बसली. शाळेच्या फाटकाशी पोचायला दीड तास लागला. मोबाईलने अंतर दाखवलं, चार पूर्णांक सहा.

"आता बगा, आखाडात हितनं बापय सुदिक उतरत न्हाई," ओढा ओलांडताना फुलाबाई म्हणाली होती. त्यामुळे ती शाळा नको म्हणणार, असं अश्विनी धरून चालली होती. पण म्हातारी वर्गावर्गाच्या दारात थांबली. चार वर्ग, चार शिक्षक. एका वर्गात मुली इंग्रजी वाचत होत्या. श्रावणी खिडकीला नाक लावून उभी राहिली, हलेचना.

"शाळा लई झ्याक हाय, बाई," फुलाबाई हळूच म्हणाली. "गाडी आली तर उद्या धाडीन म्या. न्हाई आली तर पोर घरीच ऱ्हाईल. दोनी लिवा. लपवू नका."

अश्विनीने दोन्ही लिहिलं. चार पूर्णांक सहा, दीड तास, पावसाळ्यात ओढा बंद. वस्तीपर्यंत गाडी दिल्यास पालक तयार. आणि पाठवलं. केंद्रप्रमुख संध्याकाळी चिडून म्हणाले, "तुमच्या एका आकड्यानं अख्ख्या केंद्राची यादी अडली."

महिन्याने तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले, ओढ्यापर्यंत चालले आणि धापा टाकत परतले. मार्चअखेरीस पत्र आलं : वाहनाची सोय होईपर्यंत, निदान एक वर्ष, वस्तीवरची शाळा सुरू ठेवावी. बदली नाही. वरदने पत्र वाचलं आणि तो शुभ्राला उचलून गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी अश्विनीने फुलाबाईला पत्र वाचून दाखवलं. म्हातारी खूश होईल असं तिला वाटलं होतं.

"म्हंजी गाडी न्हाईच," फुलाबाई म्हणाली. "पाचवीला जायाच्या आत श्रावणीला तसलं विंग्रजी तुमी येकट्या शिकवाल का, बाई?"

अश्विनीने मागे वळून पाहिलं. वर्गात दुसरीची मुलं पाढे ओरडत होती, पहिलीतला एक जण रडत होता.

"शाळा सुटल्यावर तासभर थांबवीन तिला," ती म्हणाली. म्हणताना तिने घड्याळ पाहिलं. तासभर थांबायचं म्हणजे खालची साडेपाचची एसटी चुकणार होती. नंतरची आठला.