कानसेनची केबल

सगळे त्याला कानसेन म्हणत आणि त्याला ते आवडे. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, शनिवारी एका बँडमध्ये ब्लूज गिटार वाजवायचा. उरलेल्या वेळात गिटारचा आवाज मोठा करायला कोणी कुठला अ‍ॅम्प घ्यावा ते सांगायचा. बावीस वर्षं त्याच्या शब्दावर माणसं वस्तू घेत होती आणि दुकानात परत करत होती.

त्याचा थोरला भाऊ रेडिओ दुरुस्त करी. वय सदुसष्ट. मुलीचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा सहा आठवडे खपून त्याने तिच्यासाठी एक छोटा अ‍ॅम्प बांधला. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, दोन व्हॉल्व्ह, पुढे एकच बटण, तेही आवाजाचं. मुलगी कामावर गेली की तो तिची गिटार लावून पाही. तार हळू छेडली की अ‍ॅम्प स्वच्छ बोले, जोरात छेडली की घसा बसल्यासारखा किंचित खरखरे. ब्लूजला नेमकं एवढंच लागतं.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी कानसेनला बोलावलं. तो आपली गिटार आणि तीस फुटी, स्प्रिंगसारखी वेटोळी लाल केबल घेऊन आला. ती केबल त्याची निशाणी होती. तिच्यामुळे स्टेजभर फिरता येई. त्याने चार जागा वाजवल्या, एक सूर ओढून धरला आणि थांबला.

"घोंगडीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय."

"मला तर छान लागला होता," भाऊ म्हणाला.

"दादा, कान सदुसष्ट वर्षांचे झाले तुझे. वरचे सूर आधी जातात. त्यात तुझा दोष नाही."

"भावोजी, सहा आठवडे यांचं ताट गार होत होतं," वहिनी म्हणाल्या. "जरा बेतानं."

"मग खोटं बोलू, वहिनी? तिथे पोरीची फजिती झाली तर?"

मुलीने स्वतः वाजवून पाहिलं. केबल अ‍ॅम्पला लावलेलीच होती. दुसरं टोक काकाच्या गिटारीतून काढून तिने आपल्या गिटारीत खुपसलं. आवाज तसाच दबका. तिने बाबांकडे न बघता काकाच्या म्हणण्याला मान डोलावली. दुपारी काकाने निवडलेला अ‍ॅम्प भाड्याने ठरला.

कार्यक्रमाच्या दिवशी, शनिवारी साडेचारला कानसेन सभागृहात तो अ‍ॅम्प तपासत होता. मुलगी आतल्या खोलीत तारा बदलत होती. सभागृहाचा ध्वनीवाला वाकून केबलकडे बघत राहिला.

"काका, टेलिफोन कुणाचा तोडून आणलात?"

"बावीस वर्षं वाजवतोय हिच्यावर."

"घरी ट्रेबल कितीवर असतो?"

"दहावर."

"म्हणजे शेवटच्या आकड्यावर. असणारच. एवढं वेटोळं वरचे सूर गिळतं, मग ट्रेबल वाढवून ते परत आणावे लागतात." त्याने दहा फुटी साधी केबल लावून दिली.

कानसेनने त्याच चार जागा वाजवल्या. कुणीतरी खिडकी पुसल्यासारखं झालं. त्याच्या लक्षात आलं, की भावाच्या अ‍ॅम्पला ट्रेबलचं बटणच नव्हतं; घोंगडी केबलचीच होती.

कार्यक्रम झाल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. कार्यक्रम चांगला झाला. चांगल्या दिवशी कशाला, म्हणून रविवारी सांगू, असं ठरवलं. असे नऊ दिवस गेले.

सोमवारी दुपारी वहिनींचा फोन आला. "भावोजी, यांना समजवा. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला वयाच्या मानाने उत्तम आहेत. पण यांचा विश्वास डॉक्टरपेक्षा तुमच्यावर. लोकांचे रेडिओ दुरुस्त न करताच परत करायला काढलेत."

तो केबल पिशवीत घालून गेला. भाऊ एक रेडिओ खोक्यात भरत होता. अ‍ॅम्प सुटा केलेला होता, व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कानसेनने वाटेत तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"दादा, केबल," एवढंच तो म्हणाला आणि ती टेबलावर ठेवली.

भावाने तिला मीटर लावला, केबल किती गिळते तो आकडा पाहिला. मग स्वतः वापरत होता ती साधी केबल ड्रॉवरमधून काढून तिलाही लावला. दुसरा आकडा पहिल्याच्या पावही नव्हता.

"म्हणजे मला ऐकू येत होतं."

"हो."

"आणि तुला नव्हतं."

कानसेनने उघडा राहिलेला ड्रॉवर सरकवून बंद केला.

"कधी कळलं?"

"शनिवारी."

"परवाच्या?"

"त्याच्या आधीच्या."

भावाने मीटर बंद केला. "पोरीला सांगितलंस?"

"तू सांग ना, दादा."

"मी कसा सांगणार? मी बहिरा."

सव्वासहाला मुलगी कामावरून आली. कानसेनने उभ्यानेच सांगितलं, नऊ दिवसांसकट. ती बसली नाही.

"तुमचं चुकलं ते चुकलं, काका," ती म्हणाली. "पण मीही मान डोलावली होती. बाबा माझ्याकडेच बघत होते."

तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि एकेक व्हॉल्व्ह कागदातून सोडवायला घेतला. भावाने खोक्यातला रेडिओ परत बाहेर काढला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

"मी काही धरू का?" कानसेनने विचारलं.

"नको, लावलेत तेवढे दिवे पुरेत," वहिनी चहाचा कप पुढे करत म्हणाल्या. साखर विचारली नाही.

त्याने चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि कुणाला न सांगता निघाला. अठरा पायऱ्या उतरून तो दाराशी पोचला, तेव्हा वरून मुलीची हाक आली.

"काका, तुमची केबल राहिली."

ती खाली आली नाही, केबल टाकलीही नाही. कठड्याशी हात पुढे धरून उभी राहिली. तो अठरा पायऱ्या परत चढला.