ब्रेकवरचा पाय

मास्तरांनी मोकळ्या रस्त्यावर गाडी दामटली आणि अचानक ब्रेक दाबला. स्टिअरिंग त्यांच्या हातांत थडथड उडायला लागलं. गाडीची मालकीण शेजारी बसली होती.

"स्टिअरिंग हलतंय, सीट हलत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे दुखणं पुढच्या चाकांत."

गॅरेजवाल्याला सगळे मास्तर म्हणत, कारण गाडी दुरुस्त करताना गिऱ्हाइकाला धडा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एरवी तिला त्याची गंमत वाटायची. आज तिला फक्त काम उरकायचं होतं. गाडी विकायची, बॅगा भरायच्या आणि कायमचं भावाकडे राहायला जायचं, असं तिनं ठरवलं होतं. नवऱ्याला तसं सांगितल्यावर त्यानं मान हलवली. हल्ली मान हलवण्यापलीकडे तो काही करत नव्हता. गाडी बघायला आलेला माणूस मात्र एक चक्कर मारून, ब्रेकला गाडी थरथरते म्हणत, आला तसा निघून गेला होता.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी गेली. घाटाच्या उतारावर खडीवरून तिची स्कूटर घसरली. बाप गाडी घेऊन मागूनच येत होता. त्याच्या गाडीचा तिला धक्कासुद्धा लागला नाही, हे सगळ्यांनी सांगितलं. पण तिथं सगळ्यांत आधी पोचलेल्या दूधवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आईच्या काळजात रुतून बसली. पोर रस्त्यावर निपचित पडलेली आणि हा गाडीत बसून नुसता हॉर्न वाजवत होता. तिला उचलून नेलं तरी हा जागचा हलला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात आईनं चार माणसांत त्याला विचारलं होतं, "तू गाडीतून उतरलासही नाहीस?" त्यानं फक्त मान हलवली. त्या दिवसापासून तिनं त्याला माणसांत धरणं सोडलं.

मास्तरांनी गाडी उचलून पुढची चाकं काढली. एकेक भाग हलवून पाहिला, कुठेच ढिला नव्हता. ब्रेकच्या गोल चकत्या, म्हणजे डिस्क, फिरवून पाहिल्या, त्याही वाकलेल्या नव्हत्या. मग बॅटरी मारून ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ताई, इकडे या. सापडलं बघा."

चकचकीत डिस्कवर एकाच जागी काळपट डाग होता. नेमका डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडएवढा, कागदावर शिक्का उठावा तसा. दुसऱ्या चाकालाही तसाच होता.

मास्तरांना आता हुरूप आला. उतारावर ब्रेक मारत आलं की डिस्क तव्यासारखी तापते, ते सांगू लागले. तशात गाडी करकचून थांबवली आणि पाय तसाच दाबून ठेवला, की पॅडचा थर डिस्कला चिकटून बसतो. मग दर फेऱ्याला ती जागा आली की हिसका बसतो. म्हणून तर जाणता माणूस थांबल्याबरोबर हॅण्डब्रेक ओढतो आणि पाय सैल सोडतो.

"हा गडी मात्र डिस्क गार होईपर्यंत जीव खाऊन दाबून बसलाय. पाव तास, वीस मिनिटं. पायात गोळे आले असतील बिचाऱ्याच्या."

"मग त्यानं हॅण्डब्रेक का नाही ओढला?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "ओढून काय उपयोग ताई? केबल तुटलेली. मागच्या खेपेला मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही घाईत होतात, पुढच्या वेळी बघू म्हणालात."

म्हणाली होती खरी. त्या रात्री जेवताना तिनं घरातही सांगितलं होतं. आपल्याकडे चढ आहे कुठं, असं नवरा म्हणाला आणि पोरगी खो खो हसली होती.

"गियरमध्ये टाकून उतरता आलं असतं ना?" तिनं विचारलं.

"आलं असतं की. पण मोठ्या उतारावर पाय काढला की गाडी हातभर पुढे सरकते आणि मग अडते. पुढे तेवढी जागा मोकळी पाहिजे."

ती तिथंच एका जुन्या टायरवर बसली. मुलगी स्कूटरवरून पडून गेली एवढंच मास्तरांना ठाऊक होतं. तेव्हा मागे हीच गाडी होती हे त्यांच्या गावीही नव्हतं. उन्हानं चक्कर आली असेल म्हणून त्यांनी पाणी आणून दिलं आणि केबल आत्ता टाकायची का, असं विचारलं. तिनं सगळंच बदलायला सांगितलं.

संध्याकाळी परतताना गाडी जिथं थांबवावी तिथं अलगद थांबत होती. तिला मात्र समोरचा रस्ता धड दिसत नव्हता.

घरी नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. बाजूला तिच्या अर्धवट भरलेल्या बॅगा होत्या.

"केबल बदलून घेतली," ती म्हणाली.

या खेपेला त्यानं मान हलवली नाही. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"मास्तरांनी. किती अंतर होतं?"

त्यानं दोन्ही तळहात समोरासमोर धरले. मध्ये जेमतेम वीतभर जागा होती. स्कूटर पोरीच्या पायांवर होती, तो म्हणाला, तिला सरकता येत नव्हतं. आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, हॉर्नशिवाय कुणाला बोलावणार?

"मला एका शब्दानं बोलला नाहीस. मी तुला नाही नाही ते बोलले."

"मला बोललीस तेच बरं होतं. नाहीतर जन्मभर स्वतःला बोलत बसली असतीस."

ती त्याच्या शेजारी बसली. रडू येत होतं, पण त्याआधी तिला एक गोष्ट विचारायची होती.

"ती जागच्या जागी गेली म्हणाले होते सगळे."

"नाही," तो म्हणाला. "शुद्धीवर होती. मी दार उघडलं तर तिनं हात वर केला. म्हणाली, बाबा, पाय काढू नकोस. मी आहे इथं."

"मग?"

"मग मी नाही काढला."