शेवटचा लांब सूर

शिवयोगीनं बासरी स्वेटरच्या आत काखेत धरून गरम केली आणि शेजारी उभ्या चन्नप्पाकडं पाठ फिरवली.

"खांद्याला खांदा लावा की," बँडचे प्रमुख सुभेदार महिपती ओरडले.

खांदा लागला तसा शिवयोगीच्या अंगाचा तिळपापड झाला. फाइफ, म्हणजे पल्टणीच्या कवायतीतली ती आखूड, चिरक्या आवाजाची बासरी, माजी सैनिकांच्या या बँडात आता दोघांकडंच उरली होती. तरुणपणापासून दोघं शेजारीच वाजवत आलेले. पण दिवाळीत चन्नप्पानं आपल्या पोराचं, बसूचं, शिवयोगीच्या मुलीशी, अक्षताशी ठरलेलं लग्न मोडलं, तेही हॉल ठरल्यावर, फोनवरून. पोरीनं अंथरूण धरलं. शिवयोगीनं चन्नप्पाच्या दारात जाऊन भर गल्लीत त्याची अब्रू काढली. तेव्हापासून बोलणं बंद.

आज सरावात त्याचं उट्टं काढायचं होतं. धुनेच्या शेवटी एक लांब, चढा सूर यायचा. या वयात तो एकट्याच्या छातीला पेलत नसे. म्हणून दोघांनी मिळून धरायचा, एकानं दम घेतला की दुसऱ्यानं रेटायचा. कुणाला पत्ता लागत नसे. आज शिवयोगी तो सूर धरणारच नव्हता. चन्नप्पाची फजिती सगळ्यांनी ऐकावी आणि सव्वीस जानेवारीच्या संचलनातून त्याचा पत्ता कटावा.

ड्रम घुमले, पावलं पडू लागली. तो सूर आला आणि शिवयोगीनं बासरी ओठांवरून काढली.

पण शेजारूनही बासरी वाजलीच नाही. त्यानं मान वळवली. चन्नप्पाचीही बासरी खाली आली होती.

महिपतींनी बँड थांबवला.

"दोघंबी बाहेर व्हा. घरचं भांडण हितं आणताय व्हय?"

दोघं लिंबाच्या कट्ट्यावर दोन टोकांना बसले.

"माज्या पोरीचं वाटोळं केलंस," शिवयोगी म्हणाला.

"बरं केलं. तुज्यासारखा व्याही नकोच हुता मला."

बासरीविना एक फेरी झाली. ती लईच भकास वाटली, तसे महिपती कट्ट्यापाशी आले.

"येक बासरी तरी पायजेच. जो येकटा पुरा सूर धरंल त्यानं यावं. दुसऱ्यानं घरी जावं."

शिवयोगीला हेच तर हवं होतं. तो उठला, छाती भरून श्वास घेतला. तो सुराच्या शेवटापर्यंत पुरणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चन्नप्पालाही ठाऊक होतं. तो बघत राहिला, पण जागचा हलला नाही.

शिवयोगी पुन्हा खाली बसला.

"कोण येतंय?" महिपतींनी विचारलं.

दोघांनीही माना खाली घातल्या.