जागेश्वरच्या नावाची कमान

भागीरथाबाईनं घरटॅक्स कधी थकवला नाही. त्यामुळे थकवणाऱ्यांना बोलायचा हक्क आपलाच, असं ती मानायची, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या बापजाद्यांपर्यंत जाऊनच थांबायची. कोष्ट्यांच्या त्या गल्लीत आता एकाही घरात माग उरला नव्हता. कोणाचं पोरगं कळमन्याच्या बाजारात अडत्याकडे कामाला, कोणाचं रामदासपेठेतल्या दवाखान्यात. पण गल्लीचा मान मागांनी कमावलेला, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या नवऱ्याचा, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. जागेश्वर समाजाचा पंच होता. तो गेला, माग गेले, आणि हळूहळू त्याचं नावही लोकांच्या तोंडून गेलं. हे तिच्या जिवाला लागायचं. बोलून मात्र कोणापाशीच दाखवायची नाही.

म्हणून नगरसेवक मनोहररावांनी गल्लीच्या तोंडाशी जागेश्वरच्या नावाची कमान बांधायचं काढलं, तेव्हा तिनं देवापुढे साखर ठेवली. या गल्लीसाठी निधी एकाच कामापुरता होता. मागच्या उतारावरच्या घरांना नाली हवी होती. पावसाळ्यात तुंबलेलं पाणी त्यांच्याच घरात शिरायचं. पण समोरची घरं उंच जोत्याची, मोठी, आणि मनोहररावांच्या उठण्याबसण्यातली. भागीरथाबाईचा पोरगा पंकज तर त्यांच्याच मागे फिरायचा. कमानीवरच्या नक्षीसाठी थोडी वर्गणी गल्लीनं काढायची, दर घराला सारखी, असं ठरलं. वर्गणी मागायला भागीरथाबाई स्वतः निघाली. तिला नाही म्हणायची कोणाची छाती?

समोरच्या घरांनी मुकाट्यानं दिली. मग ती उतरून वच्छलाकडे गेली. वच्छला विधवा, एका खोलीत साड्यांना फॉल लावून पोट भरायची. खोलीतला पलंग विटांवर चढवलेला होता.

"दे वं वर्गणी. सगळ्यायनं देल्ली."

"मी नाही देत, बाई."

"काहून? टीव्ही घ्यायले बरा हात सुटते तुहा."

"पोरीनं आणला होता. पाण्यात गेला. न्या पाहिजे तं, कमानीवर बसवा."

भागीरथाबाईनं पदर खोचला. पण वच्छला सुई न थांबवता बोलतच राहिली.

"सभामंडप बांधला तवा जागेश्वरभाऊ पट्टी कशावर घेत होते, सांगा बरं."

"मागावर."

"मंग?"

भागीरथाबाईला सगळं ठाऊक होतं. चालू मागामागे एक पट्टी, अशी रीत होती. ज्याच्या घरी सहा माग, त्यानं सहा पट्ट्या द्यायच्या. ज्याच्या घरी एक, त्यानं एक. पंचांच्या बैठकीत मात्र सहा मागवाल्याच्या आणि एका मागवाल्याच्या शब्दाला वजन सारखंच. जागेश्वर कोणाच्या घरी गेला की आधी मागावर बोट फिरवायचा. बोटाला धूळ लागली की समजायचा, माग बंद आहे. मग तिथं पट्टीचं नावच काढायचा नाही. प्यायला पाणी मागायचा, पोरांची चौकशी करायचा आणि उठायचा.

"माह्या घरधन्याले दम्यानं धरलं, माग बंद पडला," वच्छला म्हणाली. "भाऊ आले, पाणी पिऊन गेले. घरधनी रडला त्या दिवशी. अन् तुम्ही त्याइच्याच नावाचे पैसे मांगून राहिल्या, तेही मले अन् समोरच्या मोठ्या घरच्या त्या रुपरावले सारखे."

भागीरथाबाईची नजर भिंतीवर गेली. कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची मळकट रेघ होती. खोचलेला पदर सोडून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजभवनात बैठक भरली. पंकजनं भूमिपूजनाचा नारळसुद्धा आणून ठेवला होता. मनोहरराव बोलायला उठणार, तोच भागीरथाबाई उभी राहिली.

"कमान नको. नाली बांधा."

पंकजचा चेहरा उतरला. "माय, बाबांचं नाव लागून राहिलं."

"त्याचंच नाव आहे म्हणून सांगते. मी नाही देत ते कमानीले."

"भागीरथाबाई, निधी सरकारचा आहे," मनोहरराव समजुतीनं म्हणाले. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"सरकारच्या घरी काय माग आहे? आमच्या टॅक्सातूनच आला नं तो? वच्छलाचाही आहे त्याच्यात. भाड्यातून भरते ती."

समोरच्या घरचा रुपराव खुर्चीत सरसावला. "टॅक्स आम्ही जास्त भरतो, वहिनी. घरं मोठी आहेत आमची. मंग काम आमच्या दारापुढं झालं तर काय चुकलं?"

"जास्त भरतो म्हणून काम आपल्याच दारात पाहिजे, तं ते दुकानातलं गिऱ्हाईक झालं, भाऊजी. पैसे टाकले, माल उचलला. त्याले टॅक्स काहून म्हणायचं? जागेश्वर सहा मागाची पट्टी द्यायचा. त्यातून समाजाची विहीर झाली, ती मागच्या आळीत. आमच्या दारात नाही."

"बरं, मंग नालीलेच देऊ जागेश्वरभाऊंचं नाव," रुपराव म्हणाला. दोघं-तिघं हसले.

भागीरथाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"हसून घ्या," ती म्हणाली, "पण नाली बांधा."

मागच्या रांगेतून वच्छलानं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग समोरच्या घरांतल्याही दोन सुनांनी, सासऱ्यांकडे न पाहता. मनोहररावांनी हात मोजले. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी मान हलवली.

घरी जाताना पंकज तिच्यापुढे चालत होता. दाराशी थांबून म्हणाला, "असा मौका पुन्हा नाही येत, माय. आता बाबांले कोणी नाही ओळखणार."

"माहीत आहे मले."

"मंग काहून केलं असं?"

तिनं कुलूप उघडलं. "तू बापासंग वर्गणीले कधी फिरला नाही," ती म्हणाली, आणि आत गेली.

सकाळी ती वर्गणी परत करायला निघाली. ज्याची त्याच्या हातात, एकेका घरी. शेवटच्या घरी नवीनच आलेली सून होती. तिनं पैसे घेतले आणि सहज विचारलं, "आजी, कोणाच्या नावाची होती हो कमान?"

भागीरथाबाई उंबऱ्यावर टेकली.

"होता एक कोष्टी," ती म्हणाली. मग प्यायला पाणी मागितलं.