धुळीचं गाणं

घरच्या माणसाचं तोंड बंद करायचं असलं की बाहेरचे लोक घरातल्यालाच कामाला लावतात. घुग्घुस या कोळसाखाणींच्या गावातल्या कुलदीपवर बुद्धजयंतीच्या सकाळी हीच वेळ आली. गप्प करायचं होतं त्याच्या सख्ख्या आईला.

त्याची आई अंजनाबाई. चाळीस वर्षांपूर्वी या भागात पेटी घेऊन स्टेजवर बसलेली पहिली बाई. लोकांनी नाही नाही ती नावं ठेवली, पण हिनं भीमगीतं सोडली नाहीत. खाणीत कामाला असलेला तिचा भाऊ गुणवंत खोकून खोकून गेला, तेव्हा तिनं धुळीचं गाणं रचलं. दर जयंतीला कार्यक्रमाचा शेवट त्याच गाण्यानं व्हायचा.

यंदा मांडव कोळसा वाहतुकीच्या ठेकेदारानं दिला होता; गावभर धूळ उडायची ती त्याच्याच गाड्यांची. कुलदीप त्याच्याच हाताखाली सुपरवायझर, कोरसची पोरंही त्याच्याच ट्रकांवर. ते गाणं नको, असा ठेकेदाराचा निरोप कुलदीपनं निमूटपणे घरी आणला.

"आई, एक गाणं नाई म्हटलं तर का बिघडते? माह्या नोकरीचा तरी इचार कर."

अंजनाबाई पेटी पुसत होती. "तुह्या मामानं जन्मभर धूळ गिळली. आता त्याचं गाणं मी गिळू? जयंती बुद्धाची हाय का ठेकेदाराची?"

कुलदीप तसाच मांडवाकडे निघून गेला.

संध्याकाळी तिनं गाणं उचललंच. "माह्या भावाच्या छातीत कोनं भरला कोळसा?" आता ही ओळ कोरसनं घ्यायची. पण समोरच्या खुर्चीत ठेकेदार बसलेला, पोरांनी माना खाली घातल्या. म्हातारी एकटीच गात राहिली. तिसऱ्या कडव्याला तिचा दम तुटला आणि खोकला सुरू झाला.

स्टेजच्या कडेला उभा कुलदीप चरकला. हा तर मामाचा खोकला! गाणाऱ्याचा दम तुटला की कोरसनं ओळ धरायची, हे त्याला लहानपणी आईनंच शिकवलं होतं. आपण काय करून राह्यलो, याची त्याला मनापासून लाज वाटली. तो आईशेजारी जाऊन बसला आणि त्यानं ओळ धरली. मग मागून एकेक पोरगा गाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. तो आईला घेऊन छातीचा फोटो काढायला चंद्रपूरला गेला. मनात धाकधूक होती, ती अजून गेलेली नाही.

बंधुभगिनींनो, खरं बोलायला एखादी अंजनाबाई पुढे येते. तिचा दम तुटेल तेव्हा ओळ आपण धरायची असते.