मूठ टाकायची जागा

रोजची वंदना झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही, आणि कुणाला टाकून बोलायचं नाही हाही माझा नेम. म्हणून बबनराव मास्तरांचं हळूच सांगते.

छप्पन साली आमच्या ढाणकीच्या मंडळींनी दीक्षा घेतली आणि देवादिकांची जुनी भजनं सोडली. नवी गाणी लिहिणारे पुष्कळ निघाले. चाल मात्र कुणाला सुचेना. सुचायची ती माझ्या शेजारच्या तुळसाबाईला, पहाटे दळताना. मास्तर आमच्या गायन पार्टीचे पेटीवाले. ते रोज पहाटे तिच्या कुडाशी उभे राहून दात घासायचे. इतके स्वच्छ दात अख्ख्या तालुक्यात कुणाचे नव्हते.

बासष्टच्या जयंतीला पार्टीच्या गाण्यांचं पुस्तक छापायचं ठरलं. प्रत्येक गाण्याखाली चाल लावणाऱ्याचं नाव. सगळीकडे बबनरावच! तुळसाबाईनं पंचांपुढे जाऊन आपलं नाव मागितलं.

"बाईनं पीठ काढावं, चाल नाही," मास्तर म्हणाले. पंच हसले.

मी विचारलं, "मास्तर, दर चौथ्या ओळीत तुम्ही मधीच थांबता. काहून?"

"ते शास्त्र आहे बाई. तुले नाही समजणार."

"मंग समजवा ना, भाऊ."

मास्तरांनी लय काढली, मात्रा काढल्या, नागपूरचे कोण ते उस्ताद काढले. ते संपेस्तोवर आम्ही बायांनी जातं आणून मांडलं. तुळसाबाई दळत गाऊ लागली. चौथ्या ओळीला तिचा एक हात खुंट्यावरून सुटला, गाणं थांबलं, ज्वारीची मूठ जात्यात पडली, गाणं पुढं निघालं. पुन्हा चौथी ओळ, पुन्हा मूठ.

"मास्तर, तुमच्या पेटीत कोणते दाणे टाकता जी?" म्हाताऱ्या धनीबाईनं विचारलं. बायांनी पदर तोंडाला लावले.

पंचांतले सदाशिवराव खाकरले. "हे तर जात्यावरचं निघालं. जात्यावरच्या गाण्याले कुठं कोणाचं नाव असते?"

म्हणजे मास्तरांची होती तोवर ती रचना. बाईची ठरली तशी कुणाचीच नाही. पुस्तकात छापलं, 'चाल जुनी'. पाच-सहा वर्षांत चाल जुनी झाली. मास्तरांचा कोट त्याहून जुना, पण त्याला ते नवाच म्हणतात.

त्या दिवसापासून तुळसाबाई मुक्यानं दळू लागली. पुढच्या जयंतीसाठी मास्तर नऊ नवी गाणी घेऊन बसले, पण त्यांच्या पेटीतून निघे ते नुसतं वारं. चैत्रात ते आणि सदाशिवराव गाण्यांची वही घेऊन तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, पार्टीची इज्जत आहे. एखादी चाल..."

तिनं हात थांबवला नाही. "पहिले माझं नाव लिहा, मास्तर. नऊही गाण्यांखाली. शाईनं. अन् छापाले हीच वही जाईल."

मास्तरांनी सदाशिवरावांकडे पाहिलं, सदाशिवरावांनी आढ्याकडे. मग मास्तर उकिडवे बसून लिहू लागले.

तुळसाबाईला वाचता येत नाही. वही तिनं माझ्याकडे दिली. मी नऊ पानं सावकाश उलटली.

"आहे," म्हटलं.

तेव्हा तिनं जात्यात मूठ टाकली, आणि गाणं पुढं निघालं.